विद्यापीठाच्या प्रांगणात पाहुणा वक्ता : यजमानाची जबाबदारी

(नोव्हाय, मिशिगन येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही एका लहानशा वाटणाऱ्या प्रश्नावर बोलणार आहोत. ॲन आर्बर, ईस्ट लॅन्सिंग आणि डेट्रॉईट येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांपुढे एक मागणी मांडली आहे. बाबासाहेबांच्या विचारांवर बोलण्यासाठी एका प्रमुख वक्त्यास निमंत्रित करावे, आणि ते व्याख्यान आपल्या नेहमीच्या सभागृहात न ठेवता विद्यापीठाच्या प्रांगणात ठेवावे, अशी ती मागणी आहे. गेल्या काही आठवड्यांत या मागणीवर घरोघरी चर्चा झाली. काहींनी खर्चाचा प्रश्न काढला. काहींनी विचारले की, नोव्हायमध्ये आपण दरवर्षी जयंती करतोच, बुद्धवंदना होते, मुलांची नृत्ये होतात, खीर-पुरीचे भोजन होते, मग त्याच कार्यक्रमात या वक्त्याला बोलावले तर काय बिघडले? आणि काहींनी, विशेषतः आपल्या भगिनींनी, अगदी हलक्या आवाजात विचारले, "पण त्या मुलांना पुढे त्रास तर होणार नाही ना?"

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे व त्याकडे आम्ही येणारच आहोत. तत्पूर्वी यजमान आणि वक्ता यांच्या नात्याबद्दल आपल्या इतिहासात जे घडून गेले आहे, त्याची उजळणी करणे अगत्याचे वाटते. कारण आपल्या चळवळीतील सर्वांत प्रसिद्ध भाषण हे प्रत्यक्षात कधी झालेच नाही, आणि ते न होण्याचे कारण वक्ता नव्हता, यजमान होता.

लाहोर येथे १९२२ मध्ये स्थापन झालेले जात-पात तोडक मंडळ हे सुधारकांचे मंडळ होते. जातिभेद मोडावा, आंतरजातीय विवाह व्हावेत, असे म्हणणारी ही सुशिक्षित सवर्ण मंडळी होती. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण नाही. १२ डिसेंबर १९३५ रोजी मंडळाचे चिटणीस संतराम यांनी बाबासाहेबांना पत्र लिहून वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदाची विनंती केली. येवल्याची घोषणा होऊन तेव्हा दोन महिनेच झाले होते. बाबासाहेब प्रथम तयार नव्हते. सवर्णांच्या चळवळीशी आपला फारसा संबंध नाही व त्यांना आपले म्हणणे रुचणार नाही, हे ते जाणून होते. मंडळाने आग्रह धरला, तेव्हा त्यांनी होकार दिला आणि भाषण लिहावयास घेतले.

पुढे काय झाले ते आपणांपैकी अनेकांनी त्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात वाचले असेल. ईस्टरच्या सुटीत ठरलेली परिषद मे महिन्याच्या मध्यावर ढकलण्यात आली. ९ एप्रिल १९३६ रोजी मंडळातर्फे हरभगवान मुंबईस आले व त्यांनी भाषणाचा तयार झालेला भाग वाचला. लाहोरला परतल्यावर त्यांनी पत्र पाठविले. वेद व हिंदू धर्मशास्त्रे यांच्याविषयीचा भाग अनावश्यक आहे, वक्ता हिंदू धर्म सोडून जाणार असल्याचा उल्लेख परिषदेला अडचणीचा आहे, तेव्हा तेवढा मजकूर वगळावा, असा त्या पत्राचा आशय होता. २७ एप्रिलच्या उत्तरात बाबासाहेबांनी कळविले की, आपण स्वल्पविरामही बदलणार नाही. परंतु त्याच उत्तरात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. या मतांची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे, ती परिषदेला पटली नाहीत तर परिषदेने माझ्या मतांच्या निषेधाचा ठराव करावा, त्यास माझी हरकत नाही, असे त्यांनी सांगितले होते. म्हणजे वक्त्याने यजमानास सहमतीची अट घातली नव्हती. पूर्ण ऐकून घ्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

मंडळास तेवढेही झेपले नाही. परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण मे १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. महात्मा गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिताना वक्त्याला नाकारणाऱ्या स्वागत समितीलाही दोष दिला, आणि जाता जाता पुस्तकाची आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन किंवा चार आणे असती तर बरे झाले असते, असेही सुचविले! भाषण रद्द करणाऱ्यांचा छपाईखर्च अर्थातच वाचला होता. तो वक्त्याच्या खिशातून गेला होता.

आता याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवा. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त डेक्कन सभेने बाबासाहेबांना गोखले स्मारक सभागृहात बोलावले. डेक्कन सभा ही खुद्द रानड्यांनी स्थापन केलेली संस्था. जयंती म्हटली की गौरवाचे भाषण व्हावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. बाबासाहेबांनी रानड्यांचा गौरव केलाही, परंतु त्यासाठी त्यांनी रानडे, गांधी आणि जिना यांची तुलना मांडली, हिंदुस्थानातील विभूतिपूजेवर कठोर प्रहार केले आणि त्या काळातील दोन सर्वांत मोठ्या पुढाऱ्यांना नावे घेऊन फटकारले. यजमानांची पंचाईत झाली नसेल असे नाही. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. पण भाषण झाले, पूर्ण झाले, आणि पुढे ते पुस्तकरूपाने आपल्या हाती आले. एका शहरातील सुधारकांना जे साधले नाही, ते दुसऱ्या शहरातील नेमस्तांना साधले. आपल्या मुलांना आम्ही ही दोन उदाहरणे एकत्र सांगू इच्छितो, कारण बोलावणारे पुरोगामी आहेत की जुन्या वळणाचे आहेत, एवढ्यावरून ते कसे यजमान ठरतील हे कळत नाही.

लाहोर ही दूरची व जुनी गोष्ट आहे असे कोणी समजू नये. एप्रिल २०२२ मध्ये, दलित इतिहास महिन्यानिमित्त, गुगल या कंपनीतील कर्मचाऱ्यांपुढे इक्वॅलिटी लॅब्स या संस्थेच्या संस्थापक तेनमोळी सौंदरराजन यांचे जातिप्रश्नावर व्याख्यान ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी आक्षेपाची पत्रे पाठविली आणि व्याख्यान रद्द झाले. ते आयोजित करणाऱ्या वरिष्ठ कर्मचारी महिलेने पुढे कंपनी सोडली. भारतातही मे २०१५ मध्ये मद्रासच्या आयआयटीने आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळाची मान्यता काढून घेतली होती. देशभर गदारोळ झाल्यावर जूनमध्ये ती परत द्यावी लागली. तेथे तर केवळ विद्यार्थ्यांच्या एका पत्रकाविरुद्ध निनावी तक्रार गेली होती. व्याख्यान आयोजित करणे हे काम आजही निर्धोक नाही, हे आपण डोळे उघडे ठेवून मान्य केले पाहिजे.

मग आपल्या सुखरूप सभागृहातच का राहू नये? नोव्हायच्या सभागृहात जो येतो तो आपला असतो. त्याला बाबासाहेब कोण हे सांगावे लागत नाही. तेथील व्याख्यान म्हणजे घरच्या माणसांनी घरच्या माणसांशी केलेले हितगुज असते आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. याच मेळाव्यांमुळे आपली मुले त्रिशरण-पंचशील शिकली, एकमेकांची मित्र झाली. परंतु विद्यापीठात येणारा श्रोता वेगळा असतो. तो समाजशास्त्राचा अमेरिकन विद्यार्थी असतो, डेट्रॉईटमधील कृष्णवर्णीय तरुणी असते, कोरियातून आलेला बौद्ध संशोधक असतो, आणि आपल्याच देशातून आलेला, जात आता उरलेली नाही असे मनापासून मानणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही असतो. या शेवटच्या श्रोत्यापर्यंत आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत पोहोचलेलो नाही. तो आपल्या खीर-पुरीला येणार नाही. तो त्याच्या वसतिगृहापासून पाच मिनिटांवर असलेल्या व्याख्यानाला मात्र कदाचित येईल.

या परिसराला तर अशा व्याख्यानांची मोठी परंपरा आहे. येथून पंचवीस-तीस मैलांवर ॲन आर्बरमध्ये हिल ऑडिटोरियम नावाचे भव्य सभागृह आहे. ते १९१३ साली उघडले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, हा निव्वळ योगायोग असला तरी आम्हांला तो आवडतो. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी त्या सभागृहात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग बोलले. पुढच्या वर्षी, २३ जून १९६३ रोजी, डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवरून लाखाहून अधिक लोकांसह ते चालले आणि कोबो हॉलमध्ये त्यांनी आपल्या स्वप्नाचे भाषण केले. वॉशिंग्टनमधील जगप्रसिद्ध भाषणाच्या दोन महिने आधी!

डॉ. किंग हे स्वतः एकदा विद्यार्थ्यांपुढे पाहुणे म्हणून उभे होते, आणि तेही आपल्या मुलांपुढे. १९५९ मध्ये भारताच्या दौऱ्यावर असताना ते केरळात त्रिवेंद्रमला एका शाळेत गेले. तेथील बहुतेक विद्यार्थी अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांतील होते. मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून देताना, अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य, असे शब्द वापरले. डॉ. किंग यांनी पुढे ४ जुलै १९६५ रोजी अटलांटातील आपल्या चर्चमधील प्रवचनात हा प्रसंग सांगितला. प्रथम त्यांना धक्का बसला, किंचित रागही आला. मग त्यांनी आपल्या देशातील दोन कोटी बांधवांची स्थिती मनात आणली आणि स्वतःशी कबूल केले की, होय, मीही अस्पृश्यच आहे. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांनी त्यांचा परिचय करून दिला असेल. पण जो परिचय सहा वर्षांनंतरही ते विसरले नाहीत, तो एका शाळेच्या मुख्याध्यापकाने एका वाक्यात करून दिलेला होता. परिचय करून देणाऱ्याने वक्त्याच्या पदव्यांची यादी वाचली नाही. श्रोत्यांचे व वक्त्याचे नाते काय, ते सांगितले.

ॲन आर्बरची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १४ ऑक्टोबर १९६०. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील त्या ऐतिहासिक दिवसास बरोबर चार वर्षे झाली होती. निवडणुकीच्या प्रचारात असलेले जॉन केनेडी रात्री दोन वाजता मिशिगन युनियनच्या पायऱ्यांवर आले. हजारो विद्यार्थी ताटकळत उभे होते. केनेडी अवघी काही मिनिटे बोलले. तुमच्यापैकी किती जण परदेशात जाऊन सेवा करावयास तयार आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. भाषण म्हणून त्यात काही विशेष होते असे कोणी म्हणत नाही. परंतु ॲलन आणि ज्युडिथ गस्किन या विद्यार्थी दांपत्याने व त्यांच्या मित्रांनी ते शब्द धरून ठेवले, पत्रे लिहिली, सह्या गोळा केल्या आणि त्या केनेडींपर्यंत पोहोचविल्या. १ मार्च १९६१ रोजी पीस कोअर अस्तित्वात आली. पुढे मार्च १९६५ मध्ये याच विद्यापीठात व्हिएतनाम युद्धावर रात्रभर चर्चावर्ग चालला, सुमारे तीन हजार विद्यार्थी-शिक्षक त्यात होते, आणि तो प्रकार अमेरिकेतील इतर विद्यापीठांनी उचलला. वक्ता विमानाने निघून गेल्यानंतर विद्यार्थ्यांनी काय केले, यावर या प्रांगणांतील व्याख्यानांचे मोल ठरत आले आहे.

आणि आपला स्वतःचा धागा तर याहून जुना आहे. कोलंबियात बाबासाहेबांना शिकविणारे, ज्यांचे ऋण त्यांनी त्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात नाव घेऊन मान्य केले, ते प्राध्यापक जॉन ड्यूई आपल्या अध्यापनाच्या सुरुवातीस, १८८४ पासून मधले एक वर्ष वगळता १८९४ पर्यंत, ॲन आर्बरलाच होते. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली, त्याच्या अवघ्या चार दिवस आधी ड्यूई निवर्तले. गुरुशिष्यांची भेट राहून गेली. आपली मुले ज्या आवारात शिकतात तेथे बाबासाहेबांचे नाव परके नाही, एवढे यावरून ध्यानी घ्यावे.

आता थोडे व्यवहाराचे. यजमान कोण, हे आधी ठरले पाहिजे. आमचे स्पष्ट मत असे की, यजमान विद्यार्थीच असावेत. निमंत्रणपत्रावर सही त्यांची, वक्त्याची निवड त्यांची, विषय त्यांचा. विद्यापीठात सभागृह मिळावयाचे तर नोंदणीकृत विद्यार्थी संघटना लागते व बहुधा एखाद्या विभागाचा किंवा प्राध्यापकांचा पाठिंबा असल्यास काम सुकर होते. बाहेरच्या काकांनी फोन करून ते होत नाही. विद्यार्थी परिषदेकडे व्याख्यानांसाठी निधी असतो, त्यासाठी महिनोन् महिने आधी अर्ज करावा लागतो. आपल्या मुलांना हे सर्व ठाऊक आहे. आपण मध्ये पडलो नाही तर ती ते नीट करतील.

तारखेविषयी मात्र दोन शब्द. १४ एप्रिलचा आग्रह आपण वडीलधाऱ्यांनी सोडावा. एप्रिलच्या उत्तरार्धात येथे परीक्षा सुरू होतात व ग्रंथालयात बसलेला विद्यार्थी व्याख्यानाला येत नाही. २६ नोव्हेंबरचा संविधान दिन थँक्सगिव्हिंगच्या सुटीच्या आसपास येतो, वसतिगृहे ओस पडलेली असतात. ६ डिसेंबर पुन्हा परीक्षांच्या तोंडावर. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या लगतचे दिवस, किंवा फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, हे दोन काळ सर्वांत सोयीचे आहेत. फेब्रुवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनांना सहयजमान होण्याची विनंती करता येते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना स्वतः होऊन पत्र लिहिले होते, व ड्यू बॉईस यांनी त्यास आस्थेने उत्तर दिले होते. तो पत्रव्यवहार दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून वाचावा, यासारखी पूर्वतयारी नाही.

वक्ता भारतातून येणार असेल तर आणखी एक बाब. भेटीच्या व्हिसावर आलेल्या पाहुण्यास विद्यापीठाकडून मानधन घेता येते, पण त्यास नियम आहे. एका संस्थेत नऊ दिवसांपेक्षा अधिक नाही आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा अधिक संस्थांकडून नाही. येथील लोक त्यास नऊ-पाच-सहाचा नियम म्हणतात. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील एखाद्या महाविद्यालयाचे प्राध्यापक रजा टाकून, स्वतःचा व्हिसा काढून येणार, तर त्यांना केवळ शाल आणि पुष्पगुच्छ देऊन बोळवण करणे बरे नव्हे. आपल्या चळवळीत मानधनाचा विषय काढणे म्हणजे जणू निष्ठेवर संशय घेणे, अशी एक समजूत आहे. ज्ञानाचे काम फुकट झाले पाहिजे हा दंडक नेमका आपल्याच विद्वानांना का लागू करावा, हे आम्हांला उमगलेले नाही.

आणि सत्कार! आपल्या कार्यक्रमांत स्वागतासाठी एकामागून एक वीस जण उठतात, प्रत्येकाचे छायाचित्र होते, आयोजकांचे आभार आयोजकच मानतात, आणि हजारो मैलांवरून आलेल्या वक्त्याला साडेआठ वाजता चिठ्ठी जाते की, साहेब, पंधरा मिनिटांत आटपा, जेवण थंड होत आहे. विद्यापीठात हे चालणार नाही आणि ते चालणार नाही याचाच आम्हांला आनंद आहे. तेथे पाच मिनिटांचा परिचय, पाऊण तासाचे भाषण आणि तेवढीच प्रश्नोत्तरे.

प्रश्नोत्तरांची मात्र अनेकांना धास्ती वाटते. कोणी उठून आरक्षणावर कुत्सित प्रश्न विचारील, कोणी म्हणेल की तुम्ही भारताची बदनामी करता. विचारू द्यावे. 'जातिनिर्मूलना'च्या १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केले? आपल्यावर टीका करणारा महात्मा गांधींचा लेख त्यांनी आपल्याच पुस्तकात छापला आणि त्याखाली आपले उत्तर छापले. ज्यांचे भाषण ऐकून घेण्यास यजमानांनी नकार दिला होता, त्यांनी आपल्या विरोधकास आपल्या घरात जागा दिली. आपल्या मुलांनी ध्वनिक्षेपक विरोधकाच्या हाती द्यावा तो याच अधिकाराने. व्यत्यय आणणारा व प्रश्न विचारणारा यांत फरक असतो आणि तो सांभाळण्यासाठी विद्यापीठाचे नियम असतात, ते सूत्रसंचालकाने आधी वाचून ठेवावेत.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येतो.

आपण मान्य केले पाहिजे की आपल्यापैकी अनेक कुटुंबे या देशात गप्प राहिली. मोटार कंपन्यांत नोकऱ्या लागल्या, घरे झाली, मुले शाळेत गेली. गणपतीच्या आरतीनंतर कोणी प्रेमाने विचारले, "तुमचं गाव कोणतं? आडनाव ऐकल्यासारखं वाटत नाही," तेव्हा त्या प्रश्नामागचा प्रश्न ओळखून आपण विषय बदलला. त्या मौनाने आपल्याला काही काळ शांतता दिली, हे खरे आहे, आणि ज्यांनी ते पाळले त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण मुले त्यात वाढली. आज त्यांच्यापैकी काहींच्या खोलीतील सोबत्यालाही ठाऊक नाही. एका विद्यार्थिनीने आम्हांला सांगितले की, व्याख्यानाचे सर्व काम करावयास ती तयार आहे, भित्तीपत्रके तीच लावील, परंतु व्यासपीठावर उभी राहणार नाही, कारण परिचय करून देणारीला लोक 'ही त्यांच्यापैकी' असे समजतील. तिच्या प्रकल्पातील सहकारी, तिची शिफारस लिहिणारे, उन्हाळ्यात तिला काम देणारे, सगळे त्या सभागृहात असू शकतात.

तिला आपण काय उत्तर देणार? परिस्थिती बदलली आहे असे सांगता येईल. ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या तेव्हाच्या २३ प्रांगणांसाठी तसे केले, ब्राउन विद्यापीठाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. सिएटल नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये कायदा केला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकावर नकाराधिकार वापरला, हेही सांगावे लागेल. तेव्हा तिची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही तिला म्हणालो, तुला उभे राहायचे नसेल तर राहू नकोस. भित्तीपत्रके लावणारा हात आणि परिचय करून देणारा आवाज, दोन्ही चळवळीचेच आहेत. कोणी केव्हा बोलावे हे ज्याचे त्याने ठरवावे. वडीलधाऱ्यांनी अभिमानाच्या भरात आपल्या मुलाला वा मुलीला व्यासपीठावर ढकलू नये, तसेच भीतीपोटी हात धरून खालीही ओढू नये. परिचय एखाद्या प्राध्यापिकेने करून दिला, किंवा सहयजमान संघटनेच्या विद्यार्थ्याने करून दिला, तरी व्याख्यान कमी दर्जाचे होत नाही.

मात्र ज्यांची वये पन्नास-साठ झाली, ज्यांचे नागरिकत्व झाले, घरांचे हप्ते फिटले, त्यांना कोणती शिफारस मिळवायची राहिली आहे? आपल्या मुलीला सभागृहात ओळख लपवून बसावे लागत असेल तर तिच्या आईवडिलांनी निदान आपली ओळख न लपवता त्याच सभागृहात बसावे. प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून, आपले नाव आणि आपले गाव सांगून, एखादा प्रश्न विचारावा. तिच्या आधी आपण बोललेलो असलो तर तिला पुढे केव्हा तरी बोलणे सोपे जाईल. न बोलली, तरी तिने ते ऐकलेले असेल.

नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेब बनारसला थांबले. प्रकृती पार ढासळली होती, आधाराशिवाय चालवत नव्हते. तरीही तेथील विद्यार्थ्यांपुढे ते बोलले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.  आपल्या मुलांनी ज्यांना निमंत्रण देण्याचे ठरविले आहे, त्या वक्त्यांनीही होकार कळविला आहे. त्यांच्या भाषणाचा मसुदा मागवून आधी वाचावा, अशी सूचना एका ज्येष्ठ सभासदांनी केली होती. लाहोरची हकीकत सांगण्याचे ते एक कारण होते. विद्यार्थ्यांनी मसुदा मागविलेला नाही.

आपल्याकडून त्यांना हवे आहे ते इतकेच : विमानतळावरून आणावयास व पोहोचवावयास एक गाडी, दोन रात्रींसाठी एका घरातील खोली, ऑक्टोबरातील गारठ्यासाठी पाहुण्याच्या मापाचा एक कोट, विद्यापीठाच्या निधीतून न भागणारी प्रवासखर्चाची रक्कम, आणि व्याख्यानाच्या दिवशी ॲन आर्बरला येण्यासाठी आपली संध्याकाळ. भोजनापूर्वी दाराजवळच्या टेबलावर वही ठेवलेली आहे. ज्यास जे शक्य असेल ते त्यात लिहावे. पुढच्या रांगा विद्यार्थ्यांसाठी सोडावयाच्या आहेत, आपली आसने मागे आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.